कचेरीतील संगणक



कचेरीत संगणक आला तरी माणसे तो वापरीत का नाहीत, याविषयी मी चार शब्द बोलावे अशी सूचना झाली आहे. माणसे जुन्या वळणाची, हे नेहमीचे उत्तर. मला ते पटत नाही.

आपला रिंग रोडवरचा कापडबाजार पाहा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा त्या महिन्यात व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली होती. पुढे विवरणपत्र संगणकावरूनच भरावे लागले. ही सक्ती खरीच. पण तीत एक निराळी गोम आहे. विकणाऱ्याने बिल चढविले नाही तर घेणाऱ्याची करवजावट अडते, आणि अडलेले गिऱ्हाईक स्वस्थ बसत नाही!

सक्ती नसते तेथे काय होते, ते वारणेस दिसले. कोल्हापूर-सांगलीकडील ७० गावांसाठी १९९८ साली संगणकाची योजना निघाली. संकल्प पुष्कळ होते. वापर मुख्यतः झाला तो ऊस आणि साखर कारखान्याकडील हिशेब यांपुरता. पुढे संशोधकांनी ७ गावांत तीच माहिती मोबाइलच्या संदेशाने देऊन पाहिली, आणि तेवढ्याने काम भागले.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ साली हेच मांडले होते. याने माझे काम सुधारेल काय, आणि हे मला सोपे जाईल काय, असे माणूस मनाशी विचारतो. त्यांत पहिल्या प्रश्नाचे वजन अधिक.

आता आपल्या ट्रस्टकडे वळू. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रथम चोपडीत उतरतो, मग सवड झाल्यास संगणकात. सवड होत नाही, आणि जूनमध्ये फी भरावयाच्या वेळी एखाद्या मुलाचे नाव यादीत सापडत नाही. कारकुनाने काय करावे? काम दुप्पट त्याचे, सोय अहवाल लिहिणाऱ्याची. शिवाय चोपडीत खोडलेले दिसते, खाली सही असते. संगणकात कोणी काय बदलले हे त्याला दाखविता येत नाही. हिशेबी माणसाची ही भीती हसण्यावारी नेऊ नये.

विश्वस्तांस माझी विनंती आहे की, दुहेरी लिहिणे बंद करावे. अर्जदारास संगणकातूनच पोचपावती मिळावी, चेकही त्याच यादीवरून निघावेत. महिनाअखेर यादी छापून तिच्यावर कारकुनाची सही घ्यावी. नमुना ठरविताना त्याला शेजारी बसवावे. शिकविण्यासाठी शाळा सुटल्यावर पंधरा दिवस मी येईन.