छिन्नी लावण्याआधी

(अजिंठा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धंदा, काम आणि विचारपूर्वक केलेली निवड या विषयावर बोला, असा संयोजकांचा निरोप आला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते चौथं लेणं. घाट उतरून खाली गेलं की वाघूर नदीच्या वळणावर जी लेणी आहेत, त्यांतलं हे क्रमांक चार. पर्यटक पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातली चित्रं पाहून घेतात आणि चौथ्यातून पाच मिनिटांत बाहेर पडतात, कारण तिथे रंग फारसा उरलेला नाही. पण ज्याला दुकान टाकायचं आहे, कर्ज काढायचं आहे, शेतात नवं पीक घेऊन बघायचं आहे, त्याने चौथ्या लेण्यात निवांत अर्धा तास बसावं.

अजिंठ्यातला हा सगळ्यांत मोठा विहार. दालनाला 28 खांब आहेत. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाचा. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं. चौथ्याचा दाता होता माथुर नावाचा गृहस्थ. बुद्धमूर्तीच्या पीठावरच्या लेखात त्याचं नाव आहे आणि त्याला विहाराचा स्वामी म्हटलं आहे. नावाला राजपदवी जोडलेली नाही. म्हणजे आपल्या पैशाने, आपल्या हिमतीने काम काढणारा माणूस, आणि त्याने काढलं ते सगळ्यांत मोठं.

आता मान वर करून छत पाहा. लाव्हारसाचा प्रवाह वाहता वाहता थिजला, त्याच्या वळ्या तिथे चक्क दिसतात. आपल्या सह्याद्रीचा हा कातळ लाव्ह्याच्या थरावर थर बसून झाला आहे. एक थर भक्कम, तर त्याला लागून असलेला भुसभुशीत, असं त्यात चालायचंच. इथे नेमका छताच्या जागी दोष निघाला. काम चालू असताना छताचा मोठा भाग कोसळला. मग छत आणखी वर खोदून घेतलं, पुन्हा हिंमत धरली, मूर्ती बसवली, आणि तरीही दालन पुरं झालंच नाही.

लेणं कोरतात ते वरून खाली. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब, शेवटी जमीन. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. ही रीत डोळ्यांनी बघायची असेल तर चोविसाव्या लेण्यात जा, तिथे काम अर्ध्यावर राहिल्यामुळे सगळे टप्पे उघडे पडले आहेत. या रीतीचा एक मोठा फायदा असा, की सगळ्यांत धोक्याचा भाग सगळ्यांत आधी हाती येतो. छताचा कातळ पहिल्याच टप्प्यात पाथरवटाच्या हातोडीखाली असतो. तुमच्या गावातला पाथरवट पाहा, दगड फोडण्याआधी तो हलका ठोका मारून कान देतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग आहे. दालन केवढं हवं, हे मालक सांगतो. पण कातळ केवढं पेलेल, हे ठोका मारणाऱ्याला विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर मनासारखं नसलं तरी ऐकावं लागतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळं त्याची उदाहरणं.

शेजारचं पाचवं लेणं पाहा. दाराची नक्षीदार चौकट आणि थोडासा व्हरांडा, इतक्यावर ते थांबलं आहे. आपण अशा कामाला अपुरं म्हणून हळहळतो. धंद्याच्या नजरेने पाहिलं तर व्हरांड्यावर थांबलेल्याचं नुकसान व्हरांड्यापुरतं असतं, आणि दालनात शिरून अडकलेल्याचं 28 खांबांचं. लग्नसराईच्या तोंडावर भांडवल नसताना मंगल कार्यालयाचा पाया खणणारा आणि आधी भाड्याच्या जागेत एक हंगाम करून पाहणारा, यांत मला दुसरा अधिक शूर वाटतो. चारचौघांत थांबायला फार धैर्य लागतं.

ही लेणी व्यापारी वाटेवरची. खानदेशातून घाट चढून पैठणकडे जाणारा माल इथूनच जायचा. बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. चित्रांतही व्यापारी जागोजागी आहेत. दुसऱ्या लेण्यात तीन शिडांचं जहाज रंगवलं आहे, ते पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं. हा पूर्ण आपल्या सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. दासीच्या पोटी जन्मलेला, भावांनी वाटणीत बाजूला टाकलेला. दिव्यावदान या बौद्ध ग्रंथात त्याची गोष्ट विस्ताराने आहे. बाजारात त्याला एक मोळीविक्या भेटतो, भारा डोक्यावर घेऊन थंडीने कुडकुडणारा. पूर्ण त्याला विचारतो, बाबा, तू असा का कापतोस? तो म्हणतो, मलाही कळत नाही, हा भारा उचलल्यापासून असं होतंय. पूर्ण लाकूड तपासतो, तर त्या मोळीत गोशीर्ष चंदन निघतं. ते अतिशय थंड असतं, अशी समजूत होती. पुढे राजाला ताप भरतो आणि चंदनाचं सोनं होतं.

बाजारात त्या दिवशी तो माणूस शेकडो लोकांनी पाहिला असेल. विचारलं एकाने. आणि विचारल्यावर ओळखताही आलं, कारण त्या काळी व्यापाऱ्याच्या मुलाला रत्नं, लाकूड, कापड, हत्ती-घोडे यांची परीक्षा रीतसर शिकवत. नशिबाने साथ दिली, हे खरं. पण शिक्षण नसतं तर ते चंदन कुणाच्या तरी चुलीत गेलं असतं.

आता मला फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच्या आपल्या मुलांशी बोलायचं आहे. गाड्या तिथे थांबतात, पुढे लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने जायचं. बसमधून उतरेपर्यंत तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड घेऊन पर्यटकाला गाठता. चार-सहा परक्या भाषांतली वाक्यं तुम्हाला तोंडपाठ आहेत. शाळेत न शिकता एवढी भाषा कमावणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमच्या हातातल्या मालाची तुम्हाला ओळख किती?

हा माल साधा नाही. दख्खनच्या कातळातल्या पोकळ्यांत तयार झालेली ही खनिजं जगभरचे संग्राहक शोधत असतात. जळगाव आणि आपल्या जिल्ह्याच्या खाणींची नावं परदेशातल्या संग्रहालयांच्या पाट्यांवर असतात. पिकल्या पीचच्या रंगाचं, गवताच्या पेंढीसारखं बांधलेलं ते स्टिल्बाइट. पाणेरी किंवा फिकट हिरवं, टोकदार, आरशासारखं चमकणारं ते अ‍ॅपोफिलाइट. दोन भागांत फोडलेल्या गोट्याच्या पोटात गच्च बसलेले कण बहुधा क्वार्ट्‌झचे. क्वार्ट्‌झ काचेवर ओरखडा काढतो, स्टिल्बाइट काढू शकत नाही. बाटलीचा एक तुकडा आणि अर्धा मिनिट, इतक्यात ही परीक्षा होते. पोटात झगझगीत गुलाबी किंवा निळा रंग असलेला गोटा दिसला, तर भिंगाने पाहा. रंग भेगांत जास्त साचलेला असेल तर तो वरून चढवलेला आहे. खरा निळा दगड आपल्याकडे आहे, कॅव्हन्साइट. तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडतो, लहान लहान निळ्या गुच्छांत, आणि दुर्मिळ असतो. टोपलीभर निळे गोटे निसर्ग देत नाही.

रंगवलेला दगड विकूच नका, असं मी म्हणत नाही. मुलाच्या टेबलावर ठेवायला सुंदर दिसतो, घेणारे आनंदाने घेतात. फक्त तो रंगवलेला आहे, हे सांगून विका. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी ठेवा: खनिजाचं नाव, कुठल्या खाणीतलं, रंग नैसर्गिक की चढवलेला. ग्राहकाला मालाची माहिती मिळण्याचा हक्क 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलाच आहे. पण कायद्याच्या धाकाने नको, तुमच्या फायद्यासाठी करा. आज पर्यटक मान खाली घालून तुम्हाला चुकवत निघून जातो, कारण त्याला फसवलं जाण्याची भीती आहे. ती भीती तुमच्यातल्या प्रामाणिक मुलाचाही भाव पाडते. चिठ्ठी असलेला दगड दुप्पट किमतीला गेला तरी घेणारा तक्रार करणार नाही, आणि दुसऱ्या वर्षी मित्राला पाठवेल.

तज्ज्ञाला विचारलं म्हणजे झालं, असंही समजू नका. निजामाच्या राजवटीत 1920 च्या सुमारास लेण्यांच्या चित्रांसाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले. निखळायला आलेला गिलावा त्यांनी जागेवर धरून ठेवला, हे त्यांचे उपकार. चित्रांवर लाखेचं रोगणही दिलं. चित्रं तेव्हा उजळून निघाली. पुढे ते रोगण पिवळं-तपकिरी पडत गेलं, आणि ते काढण्याचं नाजूक काम पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. मोठ्या माणसाने सल्ला दिला, तर त्याला नम्रपणे एक प्रश्न जरूर विचारावा: साहेब, हे पन्नास वर्षांनी कसं दिसेल?

आता पैशाचं. गावोगाव योजना घेऊन माणसं येतात. तीन वर्षांत दामदुप्पट. येणारा बहुतेक वेळा नात्यातला, ओळखीतला असतो, त्यामुळे विचारायला जीभ रेटत नाही. शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो, ते इथे वापरा. 72 ला वर्षांच्या संख्येने भागलं की चक्रवाढीचा दर अंदाजे मिळतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे 24 टक्के. काटेकोर हिशेब केला तर 26. आपल्याकडे सावकाराचं शेकडा दोन रुपये महिना म्हणतात, ते वर्षाला 24 टक्केच होतं. म्हणजे हा गृहस्थ तुम्हाला सावकाराच्या दराने व्याज द्यायला निघाला आहे. मग त्याला विचारा: भाऊ, सावकाराचं व्याज फेडून वर तुमचं पोट भरेल, असा कुठला धंदा आहे तुमचा? कोणाच्या परवानगीने ठेवी घेता? तो रागावला, तर उत्तर मिळालं असं समजा. परवानगी आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर बघता येतं, आणि तक्रारही तिथेच करता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला मोबाइल द्या, ती दोन मिनिटांत शोधून देईल.

सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे. त्याचं आणि सोबत्यांचं जहाज फुटतं. किनाऱ्यावर सुंदर स्त्रिया त्यांना सांभाळतात, घरं देतात, संसार थाटतात. एकच अट: दक्षिणेच्या वाटेने जायचं नाही. बाकीच्यांना अटीचं काही वाटत नाही. सिंहल एका रात्री त्याच वाटेने जातो, आणि तिथे कोंडलेल्या आधीच्या व्यापाऱ्यांकडून कळतं की त्या राक्षसिणी आहेत. सुटकेसाठी उडता घोडा येतो. मागे वळून बघायचं नाही, एवढंच तो सांगतो. ज्यांना थाटलेला संसार आठवला आणि ज्यांनी वळून पाहिलं, ते खाली पडले. इतके पैसे घातलेत, आता कसं सोडायचं, या विचाराने आणखी पैसे घालणारी घरं मी पाहिली आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला हे दुखणं ठाऊक होतं. योजनेतल्या ज्या कागदाबद्दल बोलणं टाळतात, तो आधी मागा.

शेवटी शेतकरी बांधवांसाठी, कारण मृग तोंडावर आला आहे आणि येत्या पंधरवड्यात तुम्ही कपाशीचं, मक्याचं, मिरचीचं बियाणं घ्याल. शेजाऱ्याने घेतलं म्हणून तेच वाण घेऊ नका. त्याची जमीन काळी आणि तुमची मुरमाड असेल, तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. पक्की पावती घ्या. वाणाचं नाव आणि लॉट नंबर पावतीवर आणि पिशवीवर एकच आहे, हे दुकानातच ताडून पाहा. पेरणी झाल्यावर रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं वेगळं काढून ठेवा. उगवण झाली नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे याच तीन वस्तू आणि पावती बोलतात. आणि नवं वाण असेल तर पहिल्या वर्षी सगळं रान त्याला देऊ नका, चार तास पेरून बघा.

मी सिल्लोडच्या शेवटच्या गाडीपर्यंत इथेच आहे. ज्यांनी पावत्या सोबत आणल्या आहेत, त्यांनी पुढे या, आपण एकत्र बसून वाचू.