चिठ्ठीवर ‘गाय’ छापलं होतं

पावसाळा सरता सरता अजिंठ्याच्या आमच्या गटातल्या एका ताईचं चार लिटर शेळीचं दूध परत आलं. घेणाऱ्याने डेअरीवर तपासून आणलेली चिठ्ठी पुढे केली. फॅट 3.6 आणि वर छापलेलं ‘गाय’. “शेळीचं सांगून गाईचं विकता?” शेजारची चार घरं ऐकत होती.

आम्ही डेअरीवर गेलो. तिथे कळलं, त्या यंत्रात गाय आणि म्हैस एवढ्याच दोन खुणा आहेत. फॅट म्हशीइतकं भरलं नाही की गाय! यंत्र फॅट आणि एसएनएफ मोजतं, जनावर ओळखत नाही. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात, म्हशीचा 6 आणि 9 ला. शेळीचं फॅट बहुतेक वेळा गाईच्याच आसपास असतं.

मग दूध कुणाचं, हे कळतं कसं? थोडं रंगावरून. हिरव्या चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन गाईच्या दुधात उतरतं, म्हणून तिचं तूप पिवळं. म्हैस आणि शेळी त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकतात, त्यांचं तूप पांढरं. पण पेलाभर गाईचं मिसळलं, तर रंग काही सांगणार नाही. खरी ओळख प्रथिनांत. प्रत्येक जनावराचं केसीन जरा वेगळं असतं, प्रयोगशाळेत वीज लावून ते वेगळं करून दाखवतात. दुधात कासेतल्या पेशीही येतात, त्यांच्या डीएनएवरून जनावर कळतं. गाईच्या दुधात म्हशीचं मिसळलंय का, हे बघायला हंसा चाचणी आहे. काचेवर दुधाचा थेंब, त्यात औषधाचा थेंब, बारीक कण धरले की म्हशीचं आहे. शेळीच्या कामाची मात्र ती नाही.

प्रयोगशाळा आम्हाला कुठली परवडायला! आम्ही घेणाऱ्यालाच पहाटे गोठ्यावर बोलावलं. त्याच्या डोळ्यांसमोर धारा काढल्या, किटली त्याच्याच हातात दिली. डेअरीवर तेच यंत्र. फॅट 3.8, आणि वर पुन्हा ‘गाय’!

तो ओशाळला, खिशातून पैसे काढू लागला. ताई म्हणाली, “इथं नको. त्या चार घरांसमोर द्या.”

(डेंग्यूच्या दिवसांत शेळीच्या दुधाला भाव चढतो. त्याने प्लेटलेट वाढतात याला पक्का पुरावा नाही, म्हणून आम्ही तसं सांगून विकत नाही.)

आता शेळीची किटली वेगळी ठेवतो, आणि चिठ्ठीवर ‘शेळी’ असं पेनाने लिहून घेतो.