गाडीचाही सातबारा पाहा

(नाशिक रोड येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस विकून हातात पैसा आला की गावोगाव जुन्या जीप, पिकअप, मोटारी यांचे सौदे सुरू होतात. गाडी घ्यायला आमचा विरोध नाही. दवाखाना लांब, बाजार लांब, एस.टी.चा भरवसा नाही. पण हिशेब मांडा. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये. तीन लाखांची जुनी गाडी म्हणजे 39 क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा, म्हणजे खर्च वजा न करता आठ-दहा एकरांचे सगळे पीक. एवढा माल आपण एका दुपारी, दलालाच्या शब्दावर मोजून देतो!

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. जमीन घेताना सातबारा काढतो. गाडी घेताना मात्र रंग आणि टायर पाहून इसार देऊन मोकळे होतो. गाडीलाही सातबारा असतो. आर.सी. बुक हाच तो सातबारा.

त्यावर तीन गोष्टी पाहा. पहिली, नाव. विकणारा आणि नोंदीतला मालक एकच आहे का? दुसरी, बोजा. कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर वित्त कंपनीचे किंवा बँकेचे नाव चढलेले असते. नुसती 'कर्ज फिटले' ही थाप ऐकू नका. कर्ज देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म 35 आणि त्याचे पत्र हातात घ्या. नाहीतर हप्ते दुसऱ्याने थकवायचे आणि गाडी आपल्या दारातून जायची. तिसरी, नंबर. चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आर.सी.शी ताडून पाहा. तिथे घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर सौदा तिथेच सोडा.

आता सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस यांची मुदत दिसते. थकलेली ई-चलनेही पाहून घ्या. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना हे पाच मिनिटांचे काम आहे.

परराज्यातली गाडी स्वस्त मिळते. पण ती 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, ना हरकत पत्र लागते, इथला कर भरावा लागतो. तो खर्च धरून मग ती स्वस्त आहे का ते ठरवा.

किमतीचा अंदाज कसा घ्यायचा? विम्याच्या पॉलिसीवर गाडीची आय.डी.व्ही. म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत छापलेली असते. विम्याच्या प्रचलित कोष्टकात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून 30 टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घट धरतात. हा भाव काही अंतिम नव्हे, पण बोलणी सुरू करायला आधार आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजलेले असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. आत चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा, सोबत आपल्या ओळखीचा मिस्तरी न्या. त्याचे पाचशे रुपये वाचवू नका.

पुष्कळजण स्टँपपेपरवर सौदा लिहून निर्धास्त होतात. इथल्या नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातच स्टँपपेपर छापले जात आले. तिथली भंगारात काढलेली यंत्रे तेलगीने मिळवली आणि देशभर खोटे मुद्रांक विकले. पण स्टँपपेपर अगदी खरा असला तरी त्याने आर.सी.वरचे नाव बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो.

ही गोष्ट विकणाऱ्यानेही कानाला खडा लावून ठेवावी. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या प्रकरणात गाडी 2007 साली विकली होती, पुढे ती अनेक हातांतून गेली, 2009 मध्ये अपघात झाला. नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी नाही, पैसा कधीच खर्च झालेला, आणि डोक्यावर भरपाई!

म्हणून फॉर्म 29 आणि 30, ज्यांना दलाल टी.टी. फॉर्म म्हणतात, त्यांवर कोऱ्या सह्या देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

मंडळी, मालाचा भाव ठरवताना आपले फारसे चालत नाही. पण घामाचा पैसा खर्च करताना तरी आपले चालले पाहिजे. आर.सी., बोजा, चासी नंबर, मिस्तरी. या चार गोष्टी झाल्याशिवाय इसाराला हात लावायचा नाही, एवढे गावोगाव सांगा.