वॉरन स्पान : वेग ओसरल्यावरची हुकमत



क्रिकेटच्या गोलंदाजाला खेळपट्टीची साथ असते. बेसबॉलच्या पिचरला ती नाही, कारण तिथे चेंडूला टप्पाच पडू द्यायचा नसतो. ६० फूट ६ इंचांच्या अंतरात जे काही करायचं ते हवेत. अमेरिकन पिचर वॉरन स्पान म्हणत, फटका हा वेळ साधण्याचा खेळ आहे आणि पिचरचं काम ती वेळ चुकवणं. हा विचार त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मैदानावर जगून दाखवला.

स्पान यांचा जन्म १९२१चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. १९४२मध्ये हा डावखुरा तरुण बोस्टन ब्रेव्ह्ज संघात आला. मॅनेजर केसी स्टेंगल यांनी त्याला प्रतिस्पर्धी संघातल्या पी वी रीझ या बॅटरला चेंडूने मारायला सांगितलं. चेंडू काही रीझला लागला नाही. ‘याच्यात धमक नाही’ असं ठरवून स्टेंगलनी त्याची रवानगी खालच्या दर्जाच्या संघात केली. पुढे त्यांनी ही आपली मोठी चूक मान्य केली. दरम्यान तो तरुण सैन्यात भरती होऊन युरोपच्या रणभूमीवर पोचला होता. ऱ्हाइन नदीवरच्या रेमागेनच्या पुलापाशी तो जखमी झाला आणि लढाईतल्या कामगिरीबद्दल त्याला अधिकारीपद मिळालं.

परतल्यावर, १९४६मध्ये, वयाच्या पंचविशीत त्यांनी प्रमुख लीगमधला पहिला विजय मिळवला. १९४९ ते १९५२ अशी सलग चार वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बॅटर त्यांनी ‘स्ट्राइकआउट’ (तीन स्ट्राइकवर बाद) केले. तो वेगाचा काळ होता.

पण वेग कुणाचाच कायम राहत नाही. स्पान यांचं मोठेपण मला इथून पुढे दिसतं. त्यांनी उलट्या दिशेने वळणारा स्क्रूबॉल आत्मसात केला, पुढे स्लायडरही. हाताची फेक तीच, पण चेंडू पोचायची वेळ निराळी. बॅटरची बॅट आधीच फिरून जाई. १९५७मध्ये, संघ मिलवॉकीला गेल्यानंतर, त्यांना सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि ब्रेव्ह्जनी अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज जिंकली. प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देण्याचा पराक्रम त्यांनी दोनदा केला, तो एकोणचाळिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी!

२ जुलै १९६३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बेचाळीस वर्षांचे स्पान आणि पंचवीस वर्षांचा प्रतिस्पर्धी पिचर हुआन मारिशाल समोरासमोर उभे ठाकले. सोळाव्या इनिंगपर्यंत धावफलक कोरा होता आणि दोघांपैकी कुणीही चेंडू बदली पिचरच्या हाती दिला नव्हता. अखेर मारिशालच्या संघातल्या विली मेझच्या होम रनने स्पान हरले, १-०. तरीही त्या मोसमात त्यांनी २३ सामने जिंकले.

एकूण विजय ३६३. डावखुऱ्या पिचरांमध्ये हा आजही विक्रम आहे. युद्धात तीन वर्षं गेली नसती तर चारशे झाले असते, असं लोक म्हणत. स्पान यांना ते पटत नसे. त्या वर्षांनी आपल्याला प्रौढ केलं, असं ते मानत. मला त्यांचंच म्हणणं खरं वाटतं. अंगातल्या ताकदीवर माणूस काही मोसम गाजवतो. ती ओसरताना नवं शिकण्याची तयारी असेल, तरच पुढचा मोसम त्याचा असतो.