प्रश्नांतून उमटणारा नकाशा

चेंबूर हें एका उपनगराचें नांव आहे. हार्बर मार्गावरील रेल्वे स्थानकाचेंही आहे आणि २०१४ सालीं सुरू झालेल्या मोनोरेलच्या स्थानकाचेंही आहे. कोणतें चेंबूर, हें माणूस बोलण्याच्या ओघावरून ओळखतो. यंत्राला तें नेहमींच अचूक साधतें असें नाहीं. म्हणून २०१२ सालीं निघालेल्या विकिडेटा या मुक्त माहितीकोशांत प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक असतो.

या कोशांतील माहिती लहान विधानांनीं बनते : वस्तु, तिचा गुण आणि त्या गुणाचें मूल्य. 'आर. के. स्टुडिओ, स्थापना, १९४८' हें असें एक विधान. स्टुडिओची नोंद राज कपूर यांच्या नोंदीशीं जोडावी, ती त्यांच्या चित्रपटांशीं. अशा जाळ्यास लिंक्ड डेटा, म्हणजे जोडलेली माहिती, म्हणतात. त्या जाळ्यास प्रश्न विचारण्याची भाषा ती स्पार्कल. २००८ सालीं ती प्रमाण ठरली.

'चेंबूरभोंवतीं तीन किलोमीटरांतील स्थळें, त्यांचे अक्षांश-रेखांश व स्थापनेचीं वर्षें सांगा,' असें विचारल्यास उत्तर कोष्टकरूपानें येतें. अक्षांश-रेखांशांवरून त्याचा नकाशा होतो, वर्षांवरून कालपट. ठिपक्यावर बोट ठेवतांच तपशील उघडतो. वर्षांची पट्टी सरकवावी, तसे ठिपके उमटतात व मावळतात. पाहणाराच चित्राला नवे प्रश्न विचारूं लागतो.

परंतु सावधपणाही येथेंच हवा. आर. के. स्टुडिओस २०१७ सालीं आग लागली आणि २०१९ सालीं ती जागा विकली गेली. अखेरचें वर्ष नोंदलेलें नसल्यास पट्टी आजवर आणली तरी ठिपका कायम राहील. उलट, एखाद्या जुन्या देवळाचें स्थापनावर्ष नोंदलेलें नसेल आणि प्रश्नांत वर्षाची अट सक्तीची असेल, तर तें देऊळ उत्तरांतून मुकाट्यानें गळेल. तीच अट ऐच्छिक केली, कीं देऊळ राहतें. वर्षाची जागा तेवढी कोरी दिसते. एका शब्दाच्या फरकानें गांवाचें चित्र पालटतें!

नकाशा जितका रेखीव, तितका पूर्णतेचा भास अधिक. यासाठीं नकाशा करणारानें त्याखालीं मूळ प्रश्न, उत्तर घेतल्याची तारीख आणि माहितीअभावीं वगळलेल्या स्थळांची संख्या द्यावी. पाहणारानेंही रिकाम्या जागेचा अर्थ 'तेथें कांहीं नाहीं' असा न करतां 'तेथील कांहीं नोंदलेलें नाहीं' असा करावा. हा कोश सर्वांस खुला आहे. ज्याच्यापाशीं विश्वसनीय छापील आधार असेल, त्यानें तें राहिलेलें वर्ष भरावें. मग पुढच्या वेळीं तोच प्रश्न विचारला असतां गळलेलें देऊळ आपल्या जागीं दिसेल.