सॉकाय म्हणजे मोजा नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज बोलण्याचा विषय मीच मागून घेतला, कारण मला एका चुकीची दुरुस्ती करायची आहे. २०२२ साली मी मुलाकडे कॅनडात चार महिने राहून आले. परतल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिकडच्या गमती सांगताना मी म्हटले होते, ‘तिथे एका माशाला सॉकाय म्हणतात. सॉक म्हणजे पायमोजा आणि आय म्हणजे डोळा. मोजाडोळ्या मासा!’ आपण सगळ्या पोट धरधरून हसलात. त्या हसण्याचे श्रेय मी आनंदाने घेतले.

पुढे नातीला फोनवर हा किस्सा सांगितला, तर ती हसली नाही. ती तिथल्या विद्यापीठात शिकते. म्हणाली, ‘आजी, हा शब्द इंग्रजी नाहीच मुळी.’

व्हँकूवरजवळ समुद्राला मिळणाऱ्या फ्रेझर नदीच्या खालच्या काठावर तिथले मूळचे लोक राहतात. त्यांची भाषा हाल्कोमेलेम. त्या भाषेत या माशाला जवळपास ‘स्थकय’ असे म्हणतात. त्यातला थ दातांत जीभ धरून आणि क थेट घशातून काढायचा. मला तो अजून जमलेला नाही. त्याचा अर्थ लाल मासा असा सांगतात. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कानाला तो उच्चार पेलेना, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीचे दोन शब्द त्यावर चढवले. त्यात मोजाही नाही आणि डोळाही नाही. माशाचा डोळा चारचौघा माशांसारखा साधा, गोल आहे.

हे आपणही करतोच. माझे माहेर वऱ्हाडातले. तिकडे कंदिलाला लालटेन म्हणत. लहानपणी मला वाटे, लाल उजेड पडतो म्हणून लालटेन. तो इंग्रजी ‘लँटर्न’ आहे हे मॅट्रिकला गेल्यावर कळले! आणि आपल्या बोंबलाला साहेबाने बदक करून ठेवलेच आहे. रावसालाही हॉटेलच्या पत्रकावर इंडियन सॅल्मन म्हणतात, पण रावस काही सॅल्मनच्या कुळातला नव्हे. सासरच्या माणसांना हे सांगितले तर ती म्हणाली, चवीला काय फरक पडतो?

पण स्थकय हे नाव किती नेमके आहे, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. समुद्रात हा मासा रुपेरी, पाठीवर निळसर. जन्मल्या नदीत अंडी घालायला परत निघाला की खाणे सोडतो. अंगातल्या मांसाचा तांबडा रंग कातडीवर उतरतो, डोके मात्र हिरवे होते. नराला पाठीवर कुबड येते आणि जबडा आकडीसारखा वळतो. ॲडम्स नावाच्या लहानशा नदीत दर चौथ्या वर्षी त्यांची मोठी झुंड येते. २०२२ हे तसेच वर्ष होते. ऑक्टोबरात मुलाने मोटारीने पाचएक तासांवर नेले. काठाशी उभी राहिले तर पाणी कुंकू कालवल्यासारखे दिसत होते. अंडी घालून झाली की नर-मादी दोघेही तिथेच मरतात. वास असह्य होता, तरी मी तासभर हलले नाही.

त्या उद्यानाला पूर्वी एका लेखकाचे नाव होते. २०१८ साली तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतले नाव पुन्हा लावले. उच्चार साधारण चुच्वेक, अर्थ अनेक नद्या. फ्रेझर हे नावही १८०८ साली ती नदी उतरून गेलेल्या एका व्यापाऱ्याचे. काठावरचे लोक तिला नुसते ‘स्टोलो’, म्हणजे नदी म्हणत. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात ना, तसे. याच माशाची एक जात समुद्रात न जाता तळ्यातच राहते. तिचे नाव कोकनी! तोही तिकडच्याच दुसऱ्या भाषेतला शब्द आणि अर्थ पुन्हा लाल मासाच. आमचे ‘हे’ राजापूरचे. ऐकून फार खूश झाले.

नातीने पुढे जे सांगितले त्यावर मात्र मला बोलता येईना. या लोकांची मुले मिशनऱ्यांच्या निवासी शाळांत नेऊन ठेवीत आणि घरची भाषा बोलली की शिक्षा करीत. अशा शाळांची चौकशी झाली, २०१५ साली तिचा अहवालही आला. आज हाल्कोमेलेम जन्मभाषा म्हणून बोलणारी माणसे फारच थोडी उरली आहेत, तीही म्हातारी. आता ती विद्यापीठात शिकवतात. नातीने तो वर्ग घेतला आहे आणि माझी मोजाडोळ्याची गंमत तिच्या कानावर त्याच सुमारास गेली.

भगिनींनो, इथे बसलेल्या किती जणींचे नाव लग्नात बदलले? माझे बदलले. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, ते मी तिथेच पहिल्यांदा वाचले. नवे नाव चांगले आहे, मला आवडतेही. पण पहिल्या नावाने हाक मारणारी आता एकच थोरली बहीण अकोल्यात आहे. तिला कमी ऐकू येते, म्हणून ती फोनवर ओरडून बोलते. त्या दिवशी नातीशी बोलणे झाल्यावर मी तिला उगीचच फोन लावला. ‘काय काम होते गं?’ म्हणाली. काही नाही म्हटले.

मुलाने पाठवलेला या माशाचा एक डबा बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे. वेष्टनावर सॉकायच लिहिले आहे. ज्यांना चालते त्यांनी चव पाहावी. बाकीच्यांसाठी कोथिंबिरीच्या वड्या आहेत आणि त्या वेगळ्या ताटात आहेत, काळजी नसावी.