मधला ओटा उठून दिसावा म्हणून



स्वयंपाकघराच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा असा ओटा...
यालाच किचन आयलंड म्हणतात.
तो उठून दिसायला हवा ना?
मग एकच गोष्ट धरून ठेवा...
तो भिंतीकडच्या ओट्यापेक्षा वेगळा हवा.

भिंतीकडे काळा ग्रॅनाइट आहे?
मग मधे फिकट दगड शोभेल.
पण पांढरा संगमरवर घेताना जरा थांबा.
आपल्या स्वयंपाकात हळद आहे... लिंबू आहे... चिंच, कोकम आहे.
हळदीचा डाग संगमरवर शोषून घेतो.
आंबट रस सांडला, की त्याची चकाकी जाते.
ती पुसून परत येत नाही.
फिकट ग्रॅनाइटला असा त्रास फार कमी.
माझं मत त्यालाच!

आता ओट्याची बाजू.
स्टुलावर बसायला येणाऱ्याला आधी तीच दिसते.
तिला सागवानी पट्ट्या लावा...
किंवा नक्षीच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या.
मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत पायाखाली दिसतात ना, तशा.
भिंतीकडे मात्र साधेपणा असू द्या.
म्हणजे मधला ओटा वेगळा दिसेल.

वर दोन दिवे टांगा.
उजेड ओट्यावर पडावा... डोळ्यांवर नको.

शेगडी मात्र मधे नको, असं मी म्हणेन.
पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत फडफडते.
फोडणीचा धूर ओढायला चिमणीही छतालाच टांगावी लागते.

आणि हो... जागा मोजा.
ओट्याभोवती निदान तीन फूट वाट हवी.
तेवढी नसेल, तर चाकांचं लाकडी टेबल घ्या.
गडद रंगाचं घ्या... काम झालं की सरकवून ठेवा.